धुतला नाही, नुसता पुसला

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घ्याल तेव्हा तुम्ही नाक मुरडाल, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मूळ रंग आता मलाही आठवत नाही. अंगाला पाइनच्या झाडाचा आणि जुन्या घामाचा वास येतो. बोट लावले तर ते चटकन सुटत नाही. मी हँडबॉल आहे आणि माझे वय पस्तीसच्या पुढे आहे. चेंडूंमध्ये एवढे कोणी जगत नाही. माझ्याबरोबरचे सगळे केव्हाच फाटले, फुटले, नाहीतर कुठल्यातरी छपरावर जाऊन बसले ते खाली आलेच नाहीत. मी राहिलो, कारण एका बाईने मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. ही गोष्ट खरे तर तिची आहे. पण चेंडूने आत्मवृत्त सांगायचे म्हणजे थोडी स्वतःची हवा करावी लागते, तेवढी मला करू द्या.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. बत्तीस तुकडे एकमेकांना शिवून मला गोल केले. शिवणारा माणूस बोटांना चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून बसायचा आणि टाका ओढताना नाकातल्या नाकात गुणगुणायचा. त्याचे नाव मला कधीच कळले नाही. हवा भरून मला तपासले, मग पुन्हा हवा काढून चपटा केला आणि खोक्यात कोंबून बोटीवर चढवले.

उतरलो तो स्वीडनमध्ये, समुद्रकाठच्या एका लहान गावात. तिथे हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवेलागण होते. बाहेर काही करण्यासारखे नसते, म्हणून सारे गाव हॉलमध्ये जमून हँडबॉल खेळते. तुम्हाला खेळ ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. सात-सात जणींचे दोन संघ असतात, दोन टोकांना दोन जाळी असतात आणि चेंडू हाताने फेकून समोरच्या जाळ्यात घालायचा असतो. ढकलाढकली पुष्कळ होते आणि दयामाया फारशी नसते.

त्या गावच्या संघात गुनिला होती. सव्वीस वर्षांची, लांब पायांची, केस कात्रीने स्वतःच कापल्यासारखे. ती डावखुरी होती, आणि मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून खेळणाऱ्या मुलीला डावा हात असणे हे या खेळात मोठे भाग्य समजतात. त्या कोपऱ्यातून जाळे जवळजवळ दिसतच नाही. गुनिला तिथून उडी मारायची आणि हवेत असतानाच मनगटाला असा काही पीळ द्यायची की मी गोलकीपरच्या पायाशेजारी टप्पा घ्यायचो आणि बाहेर जाता जाता वळून जाळ्यात शिरायचो. या फेकीला तिथे स्क्रू म्हणत. गोलकीपर बिचारी मी निघालो त्या दिशेला बघत बसायची आणि मी तिच्या पाठीमागे.

या फेकीचे गुपित राळेत आहे. राळ म्हणजे पाइनच्या खोडातून गळणारा चिकट रस. खेळाडू ती बोटांच्या टोकांना लावतात, त्यामुळे चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत बोटांना धरून राहतो आणि पीळ नीट बसतो. गुनिलाच्या हातची राळ माझ्या अंगावर थरावर थर चढत गेली. एकदा अजिंक्यपदाच्या सामन्यात बरोबरी झालेली असताना तिने शेवटच्या क्षणी मला असेच वळवून गोल केला. क्लबने मला तिला भेट दिले. अकरा जणींनी माझ्यावर सह्या केल्या. एवढे कौतुक मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाही.

देशाच्या संघात तिला एकदाच बोलावणे आले. ती बाकावर बसून परत आली. त्याबद्दल ती कधी कोणाशी बोलली नाही. पुढे दोन वर्षांनी तिचा गुडघा उडी मारून उतरताना आतून तुटला. तो आवाज मी ऐकला आहे. मला वाटले मीच फुटलो.

खेळ संपला आणि ती कोच झाली. कोच म्हणून ती गोड मुळीच नव्हती. "कोपर वर!" हे दोन शब्द ती दिवसातून दोनशे वेळा ओरडायची. वीस वर्षांत तिच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या. मग क्लबवर नवी मंडळी आली. त्यांना लॅपटॉपवर तक्ते दाखवणारा तरुण कोच हवा होता. गुनिलाला एक पत्र आले. पत्रात तिचे आभार मानलेले होते आणि हॉलची किल्ली शुक्रवारपर्यंत परत मागितली होती.

तिचा नवरा न्यूझीलंडचा, ब्रायन नावाचा, जहाजांची इंजिने दुरुस्त करणारा. तो म्हणाला, चल, आता माझ्या गावी जाऊ. अशी ती ऑकलंडला आली आणि तिच्या सामानातून मीही आलो. तिथे आल्यावर चार वर्षांनी ब्रायन गेला. ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये ती आणि मी राहिलो.

इथे हँडबॉल कोणाला माहीत नव्हता. मुलींचा खेळ म्हणजे नेटबॉल. पण गुनिलाला घरात बसून राहणे जमेना. जवळच्या पेनरोजमध्ये रंगाचे गोदाम आणि ट्रकचा डेपो यांच्यामध्ये एक जुना हॉल होता, तो तिने शनिवार दुपारसाठी मिळवला. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या. त्यातली एक नेटबॉल समजून आली होती आणि अर्ध्या तासाने निघून गेली. तरी हळूहळू पंधरा-सोळा जणी जमल्या. क्लब झाला, कमिटी झाली. पुण्याहून आलेला देवव्रत नावाचा एक आयटीवाला, गोलकीपर जुईचा बाबा, सेक्रेटरी झाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. आपल्याकडे ग्रुप निघाला म्हणजे क्लब पक्का झाला असे समजायचे.

एक अडचण होती. हॉलच्या दारावर पाटी होती, राळ वापरण्यास मनाई. ती लाकडी जमिनीला चिकटते म्हणून. राळ नाही म्हणजे स्क्रू नाही. नव्या कोऱ्या चेंडूंवर तो शिकवताच येईना. मग गुनिलाने मला बाहेर काढले. माझ्या अंगावरची राळ जुनी, मुरलेली. ती जमिनीला लागत नसे, पण दोन तळव्यांत धरून चोळले की ऊब लागून जागी होई. ती मऊ राहावी म्हणून गुनिला मला घरी हॉट वॉटरच्या कपाटात ठेवायची, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, टॉवेलांच्या घडीवर. त्या कपाटात मला जितके सुख मिळाले तितके कुठल्याही जाळ्यात मिळाले नाही.

संघात वल्लरी नावाची पंधरा वर्षांची मुलगी आली. जन्म इथलाच, मराठी सगळे समजायचे, उत्तर इंग्रजीत. पहिल्याच दिवशी तिने चेंडू डाव्या हाताने उचलला आणि गुनिलाची मान वळली. वल्लरीची आई कल्याणी बाकावर बसली होती. ती जरा ओशाळून इंग्रजीतच म्हणाली, मी ते मराठीत सांगतो, "लहानपणी उजव्या हाताची सवय लावायचा खूप प्रयत्न केला हो आम्ही. प्रसाद तरी उजव्या हाताने घेते आता." गुनिलाला प्रसाद म्हणजे काय ते कळले नाही, पण प्रयत्न कळला. ती कल्याणीला म्हणाली, "बरं झालं तुम्ही हरलात."

तेव्हापासून दर शनिवारी सराव संपला की दोघी मागे राहायच्या. एक डावा हात दुसऱ्या डाव्या हाताला शिकवायचा. मी मध्ये. कल्याणीने गुनिलाला ताई म्हणायला सुरुवात केली, तेही 'गुणीलाताई'. आमच्यात हे नाव फार गुणाचे आहे, असे तिने तिला पटवून दिले होते. गुनिला हसली. ती फारशी हसत नसे.

आता वाईट भाग आला. मित्रांनो, चेंडूला हात कळतो. डोळ्यांना दिसण्याच्या वर्षभर आधी मला कळले होते की गुनिलाचा डावा हात थरथरतो आहे. आधी फक्त अंगठा, मग मनगट. सकाळी चहाचा कप ती उजव्या हाताने उचलू लागली. मराठीत त्या आजाराला कंपवात म्हणतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुनिलाने ही गोष्ट क्लबमध्ये कोणाला सांगितली नाही. मला घट्ट धरले की थरथर आत दबून जायची आणि राळेमुळे मी सुटायचो नाही. वल्लरीला स्क्रू येईपर्यंत एवढे निभावले तरी पुष्कळ, असे तिने ठरवले असावे. महिन्याभराने हॉर्नबीला, म्हणजे क्राइस्टचर्चला, सामने होते. तिथे वल्लरीने एकदा तरी उजव्या कोपऱ्यातून तो गोल करावा आणि आपण तो बाजूला उभे राहून बघावा, एवढीच तिची इच्छा राहिली होती.

एकदा गोळ्या घ्यायला ती मोठ्या शॉपिंग सेंटरजवळच्या फार्मसीत गेली. नेहमीची फार्मसी बंद होती. मी पिशवीत होतो. काउंटरमागून इथल्या माओरी नमस्काराचा आवाज आला, "किया ओरा, नाव काय म्हणालात?" फार्मसिस्ट कल्याणी होती. तिने प्रिस्क्रिप्शन वाचले. गुनिलाने काउंटरवरचा डावा हात खिशात घातला. दोघींपैकी कोणी वल्लरीचे नाव काढले नाही. कल्याणीने गोळ्या कधी घ्यायच्या, कशाबरोबर घ्यायच्या नाहीत, ते कामाच्या आवाजात समजावून सांगितले आणि पिशवी पुढे केली. तिच्या कामात असे गुपित बाहेर काढता येत नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशीही नाही. तिने ते काढले नाही, आणि हे मी तिच्या बाजूने मुद्दाम सांगतो आहे.

सप्टेंबरच्या सुटीत गुनिलाने मला आठवडाभरासाठी वल्लरीच्या हवाली केले. घरी सराव कर म्हणाली. उबेत ठेव आणि काही झाले तरी धुऊ नकोस. तीस वर्षांत मला तिने दुसऱ्याच्या हातात राहायला कधी दिले नव्हते.

त्या आठवड्यात खंडेनवमी आली. कल्याणीच्या घरी त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तूंची पूजा करतात. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप आला, तिचा गोळ्या मोजायचा ट्रे आला, स्वयंपाकाची सुरी आली. वल्लरी टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, आणि टॉवेल घेऊन पोहायला निघाली होती. जँडल्स पायात सरकवता सरकवता ती ओरडली, "मम, डोन्ट वॉश द बॉल, ओके? कोच सेड."

"नाही गं बाई धुवत," कल्याणी म्हणाली.

आणि खरेच तिने मला पाणी लावले नाही. पण पूजेला मांडायची म्हणजे वस्तू स्वच्छ हवी, हे तिच्या हाडीमासी खिळलेले. माझ्या अंगावरचा तो काळपट चिकट थर बघून तिला कसेसेच झाले. फार्मसिस्ट बाई, चिकट डाग कशाने निघतो हे तिला चांगले ठाऊक. तिने खोबरेल तेलाची बाटली घेतली, जुन्या ओढणीचा तुकडा घेतला आणि मला मांडीवर घेऊन बसली. तीसेक वर्षांचे थर तेलाने हळूहळू मऊ झाले आणि कापडावर आले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आत हवा असते तेवढीच. कापड तपकिरी झाले, दुसरे घेतले, तेही तपकिरी झाले. खालून अकरा जणींच्या सह्या क्षणभर दिसल्या. कल्याणीला त्या मळाच्या रेघा वाटल्या. त्याही तिने पुसल्या.

ती हे किती मायेने करत होती ते मी पाहत होतो. तिला बोलायला बंदी होती, म्हणून तिने पूजा मांडली. मला मध्यभागी ठेवून तिने हळदकुंकू वाहिले, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, "त्यांचे हात राहू देत." नैवेद्य दाखवला, फुले वाहिली. गुनिलासाठी त्या देशात दुसऱ्या कोणी असे काही मागितले असेल असे मला वाटत नाही. आणि ती तपकिरी झालेली दोन्ही फडकी तोवर बाहेरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये पडलेली होती.

वल्लरी परत आली तेव्हा मी चकचकत होतो. तिने मला उचलले आणि मी तिच्या ओल्या हातातून सटकलो.

"मम! व्हॉट डिड यू डू?"

"धुतला नाही गं. नुसता पुसला. तेल आहे ते, वाळेल."

वल्लरीला काय झाले ते कळले होते. पण ती कोचला फोन करायला घाबरली. शनिवारी सांगू म्हणाली. शनिवारी हॉर्नबीच्या सामन्यांची माहिती द्यायची म्हणून सगळ्यांचे आईबाप हॉलवर आले होते. देवव्रत यादी घेऊन उभा होता. त्या गर्दीत तिने मला मुकाट्याने गुनिलाच्या पिशवीत ठेवले.

गुनिलाने पालकांना स्क्रू दाखवायचे ठरवले. तिने मला बाहेर काढून दोन तळव्यांत चोळले. राळ जागी व्हावी म्हणून. चोळत राहिली. जागे व्हायला काही उरलेच नव्हते. तिच्या कपाळाला आठी पडली, पण सगळे बघत होते. ती तीन पावले धावली, तिने हात वर नेला आणि मी तिच्या हातावर तुरी देऊन मागच्या मागे घरंगळलो. थेट देवव्रतच्या बुटापाशी. एक लहान मुलगी खुदकन हसली. गुनिलाने मला परत घेतले, पुन्हा हात वर नेला, पुन्हा मी तिच्या पायाशी पडलो. मग तिचा हात तसाच हवेत राहिला. त्यात धरायला काही नव्हते. तो थरथरत होता आणि हॉलमधल्या प्रत्येकाने तो पाहिला.

ती खाली वाकली आणि तिने मला नाकाशी धरले. नारळाचा वास. तिने वल्लरीकडे पाहिले. वल्लरी स्वतःच्या बुटांकडे बघत होती.  सराव आज इथेच थांबवू, एवढेच गुनिला म्हणाली.

देवव्रत बाकापाशी आला. "कल्याणी, तुझ्याच फार्मसीच्या बाजूला राहतात ना त्या? तुला काही माहीत होतं का?" कल्याणीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या लांबून मी चकाकत होतो, आणि तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरत गेलेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती गुनिलाच्या दारात आली. कोणाकडे जाताना ती कधी रिकाम्या हाताने जात नाही, त्या दिवशी आली. दारातच उभी राहून तिने सगळे सांगितले. खंडेनवमी, तेल, ओढणीचा तुकडा. सांगताना रडली. गुनिलाने जाळीचे दार उघडले नाही.

"गोळ्यांचं तू कोणाला सांगितलं नाहीस," गुनिला म्हणाली, "त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. पण चेंडूबद्दल मला विचारायचं होतंस. एक फोन करायचा होतास. ती घाण नव्हती, कल्याणी. ती माझी सगळी वर्षं होती."

"ताई, मला वाटलं मी चांगलं करतेय."

"हो. मला माहीत आहे," ती म्हणाली आणि लाकडी दार लोटून घेतले.

बुधवारी देवव्रत स्वतः आला. माणूस वाईट नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून तो बोलला. कमिटीला काळजी वाटते, इतक्या मुली घेऊन विमानाने जायचे, उद्या कोणाला काही झाले तर हेल्थ अँड सेफ्टीचे लोक कमिटीला धरतील. गुनिलाने विचारले, "तुम्ही पत्र पाठवणार का?" तो म्हणाला, "ईमेल." आली ती. त्यातही आभार मानले होते आणि हॉलची किल्ली मागितली होती. आयुष्यात दोनदा तिने तीच किल्ली परत केली म्हणायची.

हॉर्नबीला संघ तिच्याशिवाय गेला आणि सगळे सामने हरून आला. वल्लरीने उजव्या कोपऱ्यातून नव्या चेंडूने स्क्रू मारून पाहिला. चेंडू सरळ जाऊन भिंतीवर आपटला. हे तिने स्वतः येऊन गुनिलाला सांगितले, गराजच्या दारात उभी राहून. मी आत होतो. कारण गुनिलाने मला हॉट वॉटरच्या कपाटातून काढून गराजमध्ये ठेवले होते, रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये. माझ्यावरचा तिचा राग मला पटला नाही, पण समजला. मला पाहिले की तिला आपला उघडा पडलेला हात दिसत असणार. पुढचा हिवाळा मी थंडीत काढला. हवा गेली. एका बाजूने मी बसलो आणि त्या बाजूला कोळ्याने घर केले.

गुनिलाला एकटीला राहणे जमेना, तेव्हा तिला म्हाताऱ्या माणसांच्या रेस्ट होममध्ये हलवले. तिचे इथे दुसरे कोणी नव्हते, म्हणून सामान काढायला वल्लरी आणि कल्याणी गेल्या होत्या. ऑप शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, द्यायच्या खोक्यात मी होतो, एक फुटका दिवा आणि ब्रायनचे गमबूट यांच्यामध्ये. वल्लरीने मला ओढून बाहेर काढले आणि कोणाला न विचारता जॅकेटमध्ये लपवले. ही चोरी मी तिला माफ केली आहे.

तिच्या शाळेच्या मैदानाकडेला पाइनची झाडे आहेत. वादळात मोडलेल्या फांद्या तोडल्या होत्या, त्या जखमांतून रस गळत होता. वल्लरी आइस्क्रीमच्या काडीने तो खरवडून जुन्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरू लागली. कल्याणीने बाटलीचा वास घेतला.

"अगं, ही तर राळ."

"राल," वल्लरी म्हणाली.

"राळ. ळ. जीभ मागे वळव."

"राल. मम, इट्स हीप्स हार्ड." हीप्स म्हणजे इथल्या मुलांचे 'खूप'.

पुढची खंडेनवमी आली. या खेपेला कल्याणीने पाट मांडला नाही. तिने तबक घेतले, वल्लरीने मला आणि बाटलीला घेतले, आणि दोघी रेस्ट होममध्ये गेल्या. गुनिला खिडकीपाशी उन्हात बसली होती. डावा हात मांडीवर उलटा पडला होता. कल्याणी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. 

"ताई, विचारायला आलेय. लावू का?"

गुनिलाने आधी बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग तिने डावा हात पुढे केला. गेल्या वर्षी ज्या हाताने तेल लावून मला पुसले होते, त्याच हाताने कल्याणीने राळेचा थेंब घेतला, बोटांनी चोळून ऊब दिली आणि गुनिलाच्या एकेका बोटाच्या टोकाला लावला. स्वतःचे हात बरबटले तरी तिने ते पुसले नाहीत. वल्लरीने मला त्या हातात ठेवले. थरथर माझ्या अंगभर फिरली. मी सुटलो नाही.

मग कल्याणीने माझ्यावर कुंकू लावले, आणि पुन्हा विचारून, गुनिलाच्या मनगटावर लावले. फेकणे आता तिच्या हातून होणार नव्हते. तिने मला फक्त वल्लरीकडे सरकवले. डाव्या हातातून डाव्या हातात. सुटताना बारीकसा चट असा आवाज झाला. तेवढ्यात वल्लरीने सवयीने हात वर नेला आणि गुनिला म्हणाली, "कोपर वर."

मित्रांनो, ते कुंकू अजून माझ्या अंगावर आहे. राळेत अडकले, आता निघायचे नाही. जुन्या वस्तूंना आणि म्हाताऱ्या माणसांना जपा, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. माझे मागणे त्याहून लहान आहे. जपायला घ्याल तेव्हा फडके हातात धरण्याआधी एकदा विचारा, कसे ठेवू म्हणून. मला विचारून उत्तर मिळणार नाही, पण माझ्या माणसाला विचारता येईल. कल्याणीला हे वर्षभर उशिरा कळले. तिच्या मनातून ते अजून गेलेले नाही आणि माझ्याही मनातून नाही, कारण त्या अकरा सह्या काही परत आल्या नाहीत.

गुनिलाला आता चमचाही धरता येत नाही. बोटे आत वळून गेली आहेत. मी वल्लरीच्या घरी हॉट वॉटरच्या कपाटात राहतो, आणि दर रविवारी ती मला घेऊन गुनिलाकडे जाते. खुर्चीसमोर बसते आणि आधी विचारते, "राळ लावू का, कोच?" ळ आता तिला येतो. गुनिलाला मराठी येत नाही, पण एवढे कळते. ती मूठ उघडायला लागते. त्याला बराच वेळ लागतो. वल्लरी थांबते.